पडताळणीवाले भाऊजी

माझ्या ताईचं लग्न ठरलं तेव्हा भाऊजी आमच्या आत्ताच्या कंपनीत झेरॉक्सच्या मशीनवर होते. मी नंतर त्यांच्याच शब्दावर तिथे मेकॅनिक म्हणून चिकटलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जे बोलणार आहे ते ऐकून कोणालाही वाटेल की भाऊजींनी माझं काहीतरी घोडं मारलं असावं. तसं नाही. नोकरी त्यांच्यामुळे लागली. त्या नोकरीतला मनस्तापही बराचसा त्यांच्यामुळेच झाला, पण घरातल्या माणसाचा असा जमाखर्च मांडत नाहीत.

आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते. लिफ्ट बनवणारे वेगळे, बसवणारे वेगळे. ती कुरकुरायला लागली की लोक आम्हाला फोन करतात. ऑफिस तळमजल्यावर आहे. लांबलचक खोली, एका बाजूला खिडक्या, दुसऱ्या बाजूला लोखंडी कपाटं. एसी दोनच ठिकाणी होता. एक मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये आणि दुसरा झेरॉक्सच्या खोलीत, कारण मशीन तापलं की कागद खायचं. साहेबांच्या केबिनमध्ये आपणहून कोणी जात नसे. त्यामुळे उरलेलं अख्खं ऑफिस भाऊजींकडे पडीक.

भाऊजी उंच, किरकोळ, मान जराशी पुढे काढून ऐकणारे. कोणी काही सांगितलं की म्हणायचे, "बरोबर आहे." दोन माणसं एकमेकांच्या विरुद्ध बोलत असली तरी दोघांनाही "बरोबर आहे" म्हणायचे, आणि दोघंही समाधानाने उठून जायची. ताई रेडीमेड कपड्यांच्या दुकानात आल्टरेशनच्या टेबलावर बसते. पँटी आखूड करायच्या, कंबर सैल करायची, असलं काम. तोंडात टाचण्या असतात तेवढाच वेळ ती गप्प असते. ती म्हणायची, "यांच्यात आणि त्या मशीनमध्ये काही फरक नाही. जे आत घालाल तेच बाहेर येतं, फक्त थोडं फिकट."

मग जुने मोठे साहेब गेले आणि नवे आले. नवे साहेब आले की एक तर पडदे बदलतात नाहीतर पद्धत. या साहेबांनी पद्धत धरली. त्यांचं म्हणणं असं की लिफ्ट बंद पडल्यापासून ती चालू होईपर्यंत फार वेळ जातो, आणि तो नेमका कुठे जातो हे कोणालाच सांगता येत नाही. हे खरंच होतं. आम्हाला सांगता येत नव्हतं, कारण आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. साहेबांनीही विचारलं नाही. त्यांनी बाहेरून एक बाई आणल्या.

बाई तिशीच्या, चटपटीत, पायात कॅनव्हासचे बूट, काखेत कागदाच्या गुंडाळ्या. मीटिंगच्या खोलीतली एक भिंत त्यांनी तपकिरी कागदाने मढवली आणि तिच्यावर रंगीत चिठ्ठ्या चिकटवायला लागल्या. एक चिठ्ठी म्हणजे एक काम, आणि दोन चिठ्ठ्यांमध्ये एक बाण. काही दिवसांत ऑफिसने त्यांचं नाव बाणवाल्या बाई ठेवलं. त्यांना ते कळलं, आणि आवडलंही.

प्रत्येकाच्या टेबलापाशी जाऊन त्या तेच विचारायच्या. "हे तुमच्याकडे कुठून येतं? तुम्ही त्याचं काय करता? पुढे कुठे जातं?" शाळेतल्या मुलाला विचारावेत इतके सोपे प्रश्न. पण वर्षानुवर्षं एका खुर्चीवर बसलेल्या माणसाला "तुम्ही काय करता" असं शांतपणे विचारलं की त्याला घाम फुटतो. लोक घसा खाकरायला लागले. कोणी चष्मा पुसायला घेतला, कोणाला एकदम फोन आठवला.

त्याच सुमारास अकाउंट्सच्या माणसाने भाऊजींच्या खोलीत, भाऊजींच्याच एसीखाली बसून सांगितलं, की आता सगळा कारभार कॉम्प्युटरवर जाणार. कागदच राहणार नाही, मग झेरॉक्स कसली काढणार. भाऊजी म्हणाले, "बरोबर आहे." घरी आले आणि जेवलेच नाहीत. ताईने विचारलं, तर म्हणाले पोट ठीक नाही.

बाईंनी एक दिवस ठरवलं की एका कागदाच्या मागे पायी फिरायचं. एका इमारतीच्या लिफ्टसाठी पार्ट हवा होता, त्याचं मागणीपत्र निघालं तक्रार खिडकीवरून, आणि जायचं होतं स्टोअरला. कारकून ते घेऊन निघाला, बाई त्याच्या मागे. वाटेत झेरॉक्सची खोली. कारकून सवयीने आत वळला, कागद टेबलावर ठेवला आणि एसीखाली बसला. त्याची नुकतीच दाढ काढली होती. ती कशी काढली, डॉक्टरने गुडघा कुठे टेकवला, मुळं किती वाकडी निघाली, हे सगळं तो सांगत होता. बाई दारात उभ्या. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "हा कागद इथे का थांबलाय?"

कारकुनाने दाढेवर हात ठेवला. म्हणजे त्याला आता बोलता येत नव्हतं.

"याची झेरॉक्स काढता का?" बाईंनी भाऊजींना विचारलं.

"नाही. याची नाही काढत."

"मग इथे याचं काय होतं?"

आता इथे भाऊजींना खरं सांगता आलं असतं. की बाई, बाहेर उकडतं आणि इथे गार आहे, त्यापलीकडे काही नाही. पण त्यांना अकाउंट्सवाल्याचं बोलणं आठवलं, न जेवता काढलेली ती रात्र आठवली, आणि ते म्हणाले, "बघतो."

"काय बघता?"

"सगळं बरोबर आहे ना, ते."

"प्रत्येक कागद?"

"इथून जाणारा प्रत्येक."

बाईंनी पिवळी चिठ्ठी काढली आणि एक शब्द लिहिला. भाऊजींनी तो उलट्या बाजूने वाचला. पडताळणी. तोपर्यंत आपण आयुष्यात काय करत होतो हे त्यांना ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाई स्टोअरमध्ये गेल्या. तिथे स्टोअरचे काका. मागणीपत्र आलं की काका मांडणीवरून पार्ट काढायचे, बोटांत फिरवून बघायचे, लिफ्ट कोणती, किती जुनी, ते विचारायचे, आणि मेकॅनिकने चुकीचा पार्ट मागितला असेल तर त्याला दारातूनच हाकलायचे. मलाच कितीदा हाकललंय. बाई गेल्या तेव्हा काका खोकी मोजत होते आणि बाईंमुळे त्यांची मोजणी चुकली.

"तुम्ही या टप्प्यावर काय करता?" बाईंनी विचारलं.

"मी? काही करत नाही," काका वैतागून म्हणाले. "सही मारतो आणि वस्तू देतो. झालं समाधान?"

बाईंनी तसंच लिहून घेतलं.

महिन्याअखेरीस साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. भिंतीवर दोन चित्रं. एक आजचं, एक उद्याचं. आजच्या चित्रात बाण असे गुंतले होते की मांजराने लोकरीचा गुंडा फोडावा. उद्याच्या चित्रात सगळं सरळ, डावीकडून उजवीकडे. पुष्कळ चौकटी उडाल्या होत्या. स्टोअरच्या सहीची चौकटही उडाली होती, कारण तिथे काही होत नाही असं खुद्द सही करणाऱ्यानेच सांगितलं होतं. काकांची बदली गावाबाहेरच्या गोदामावर झाली. ते त्यांच्या घराजवळ पडत होतं, त्यामुळे काका नाराज वगैरे काही झाले नाहीत. नाराज झालो आम्ही, पण आमची चौकट भिंतीवर एकदम कडेला होती.

साहेबांनी मधल्या पिवळ्या चौकटीवर बोट ठेवलं. "ही पडताळणी?"

"ती ठेवलीये," बाई म्हणाल्या. "कुठेतरी एक जाणती नजर हवी."

"कोणाची आहे ही नजर?"

सगळ्या माना मागे वळल्या. भाऊजी मागच्या भिंतीपाशी उभे राहून त्याच चित्राच्या झेरॉक्स वाटत होते. ते सवयीने म्हणाले, "बरोबर आहे."

झेरॉक्सचं मशीन कॉरिडॉरमध्ये गेलं आणि पहिल्याच आठवड्यात कागद खायला लागलं. खोलीच्या दारावर "पडताळणी कक्ष" अशी पाटी लागली. आत टेबल, कॉम्प्युटर, चाकांची खुर्ची. आता तिथे कोणी येऊन बसायचं नाही असा नियम झाला. म्हणजे ज्या कारणाने कागद त्या खोलीत थांबत होते ते कारण गेलं, आणि थांबणं तेवढं सरकारी झालं.

कॉम्प्युटरवर मागणीपत्र आलं की खाली एक हिरवं बटण यायचं. ते दाबल्याशिवाय पार्ट निघायचा नाही. भाऊजी तसे मनाचे चांगले. सुरुवातीला ते कागद दिसला की बटण दाबत. मला वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं. पण कॉम्प्युटर वेळही मोजत होता. साहेबांनी भाऊजींना बोलावून स्क्रीनवरची एक आडवी पट्टी दाखवली. ती इतकी बारीक होती की दिसतच नव्हती.

"हा तुमचा वेळ," साहेब म्हणाले. "एवढ्या वेळात तुम्ही काय पडताळता?"

त्यानंतर भाऊजी कागद उघडून शांत बसायला लागले. मी एकदा काचेतून पाहिलं. हात मांडीवर, नजर स्क्रीनवर, चेहरा देवळातल्यासारखा. मधूनच पाणी प्यायचे. बऱ्याच वेळाने बटण दाबायचे. पट्टी जाड झाली. पट्टी जाड झाल्यावर साहेबांनी पुन्हा बोलावलं.

"तुम्ही एकही कागद परत पाठवला नाहीत."

"सगळे बरोबर होते, साहेब."

"सगळे बरोबर असतील तर पडताळणी कशाला हवी?"

प्रश्न बिनतोड होता. भाऊजींच्या जागी दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, नकोच. भाऊजी खाली मान घालून परत आले आणि त्यांनी त्या दिवसापासून कागद परत पाठवायला सुरुवात केली.

कशावरून परत पाठवायचे, हा त्यांच्यापुढे खरा पेच होता. लिफ्टमधलं त्यांना काही कळत नव्हतं. बटण दाबलं की वर जाते, एवढंच. मग त्यांनी जे कळतं ते धरलं. इमारतीचं नाव अर्धवट लिहिलंय, परत. तारीख आधी महिना घालून लिहिलीये, परत. कारण त्रोटक आहे, सविस्तर लिहावे. मेकॅनिकांनी सविस्तर लिहायला सुरुवात केली. आमच्यातल्या एकाने लिफ्टचं दार का अडकतं यावर असं काही लिहिलं की वाचून डोळ्यांत पाणी यावं. त्याचा कागद लगेच पास झाला.

मीटिंगमध्ये साहेबांनी नवीन आलेख दाखवला. "आधी आपल्याला चुका सापडतच नव्हत्या," ते म्हणाले. "आता बघा, किती सापडतायत."

टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. शेजारचे वाजवत होते.

घरी भाऊजींचा रुबाब वाढला होता. शर्टाला इस्त्री, हातात चामड्याची बॅग. बॅगेत डबा असायचा, पण चामड्याची. आणि बोलण्यात एक नवीन थांबा आला होता. आपण काही विचारलं की ते लगेच उत्तर द्यायचे नाहीत. आधी थोडं बघायचे. एकदा मी त्यांच्याकडे जेवायला होतो तेव्हा ताईने सरळच विचारलं, "तुम्ही तिथे नक्की काय बघता?"

"कागद परिपूर्ण आहे का ते."

"मी पँट आखूड करते तेव्हा आधी माणसाला उभा करते. तुम्ही लिफ्ट बघता का?"

"लिफ्ट कशाला बघायची? ती हा बघतो की," भाऊजींनी माझ्याकडे चमचा केला.

"मग याने बघितलेलं तुम्ही न बघता परत बघता?"

भाऊजी थांबले. थोडं बघितलं. मग म्हणाले, "तुला प्रोसेस समजायची नाही."

"खरंय," ताई म्हणाली. "मला नुसतं काम समजतं. आणखी भाजी वाढू का, की तिचीही मागणी लिहून देताय?"

यानंतर जे घडलं ते माझ्याच कागदावरून. बाजारपेठेच्या मागे एक जुनी इमारत आहे, तिच्या तिसऱ्या मजल्यावर डोळ्यांचा दवाखाना. लिफ्टचं दार लागेना. दार लागत नाही तोवर लिफ्ट हलत नाही. मी जाऊन बघितलं, दाराचा रोलर झिजला होता. अंगठ्याएवढी वस्तू. मागणीपत्र भरलं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, दार लागत नाही.

कागद परत आला. शेरा होता, "का लागत नाही?"

मी लिहिलं, रोलर झिजला आहे.

परत आला. "का झिजला?"

मी लिहिलं, वापरून.

परत आला. "वापर नेहमीचाच आहे. मग आत्ताच का झिजला?"

मी लिहिलं, त्याला विचारून सांगतो.

हा कागद परत आला नाही. त्याऐवजी भाऊजींचा फोन आला. "हे बघ, घरातलं घरात," ते म्हणाले. "पण ऑफिसच्या कागदावर असं लिहू नकोस. ते रेकॉर्डला राहतं."

"भाऊजी, लोक डोळ्यांवर पट्ट्या बांधून जिना उतरतायत."

"मला कळतंय रे. पण मी तुझा कागद तसाच सोडला तर लोक म्हणतील मेहुण्याला सवलत दिली."

आता सवलत ते मला एरवी रोजच देत होते. माझे निम्मे कागद न बघता पास व्हायचे आणि मी त्याबद्दल कधी तक्रार केली नव्हती. पण या वेळी त्यांना तत्त्व आठवलं होतं.

चार दिवसांनी दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई स्वतःच ऑफिसमध्ये आल्या. पन्नाशीच्या, बुटक्या, आवाज अजिबात न चढवणाऱ्या. त्यांनी तक्रार खिडकीवर विचारलं, कागद कुठे अडलाय. कारकुनाने भिंतीवरच्या चित्राकडे बोट केलं. पिवळी चौकट त्यांनीच शोधली आणि पाटी वाचत वाचत भाऊजींच्या खोलीत शिरल्या.

"रोलर का झिजला, हे तुम्हीच विचारलंत ना?"

"हो. म्हणजे ते मूळ कारणापर्यंत..."

"चला माझ्याबरोबर. मूळ कारण दाखवते."

भाऊजींनी इकडेतिकडे पाहिलं. साहेब जागेवर नव्हते. कोणाच्या तरी म्हणण्याला "बरोबर आहे" म्हणायची जन्माची सवय. तेच म्हणाले आणि डॉक्टरीणबाईंच्या मागे निघाले. मला वाटेत फोन करून बोलावून घेतलं.

मी पोचलो तेव्हा भाऊजी तळमजल्यावर उभे होते आणि डॉक्टरीणबाई वर निघून गेल्या होत्या. समोर एक म्हातारी, एका डोळ्यावर पट्टी, हातात काठी. बरोबर सून. सुनेच्या कडेवर मूल. वॉचमन एका म्हाताऱ्याला खुर्चीत बसवून वर घेऊन गेला होता आणि अजून उतरला नव्हता. म्हातारीने भाऊजींचा इस्त्रीचा शर्ट पाहिला आणि त्यांचा दंड धरला.

"तुम्ही लिफ्टवाले का?"

"नाही आजी. मी पडताळणीत असतो."

"मग धरा नीट आणि पडताळा, जिना किती उंच आहे ते."

ते चढले. मी मागून काठी घेऊन. म्हातारी प्रत्येक वळणावर थांबायची, दम घ्यायची, आणि लिफ्ट कंपनीच्या मालकाला, त्याच्या आईवडिलांना आणि पुढच्या पिढ्यांना काय काय व्हावं ते सांगायची. शिव्या शांतपणे, विचार करून दिलेल्या. भाऊजींच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. वर पोचल्यावर त्यांनी म्हातारीला बाकावर बसवलं, रुमालाने मान पुसली आणि मला म्हणाले, "रोलर दाखव."

मी त्यांना खाली नेऊन तो काढून दाखवला. एका बाजूने सपाट झालेलं रबराचं चाक. त्यांनी ते हातात धरलं.

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि हा का झिजला?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खरंच विचारत होते. मी सांगितलं, दार रोज किती वेळा उघडतं आणि बंद होतं, चाक कुठे घासतं. ते ऐकत होते. ऑफिसला परत जाऊन त्यांनी हिरवं बटण दाबलं, आणि मग दाराबाहेरची पाटी सरळ केली, आणि साहेबांच्या केबिनवर टकटक केलं. हे सगळं मला नंतर त्यांनीच सांगितलं, त्यामुळे थोडं इकडेतिकडे झालं असेल.

"साहेब, माझ्या टेबलावर काही होत नाही," ते म्हणाले.

"म्हणजे काम कमी आहे?"

"नाही. म्हणजे काहीच होत नाही. आधीही होत नव्हतं. लोक तिथे एसीसाठी बसायचे. कागद नुसता पडून असायचा. बाईंनी विचारलं तेव्हा मी घाबरून बघतो म्हणालो."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "हे आणखी कोणाला सांगितलंत?"

"बायकोला थोडं माहीत आहे."

"ती बोलते का लोकांशी?"

"तोंडात टाचण्या नसतील तेव्हा बोलते."

साहेब उठले आणि दार लावून आले. मग फार सौम्यपणे बोलले. कंपनीच्या बाकी सगळ्या शाखांनी हेच चित्र उचललं होतं. प्रत्येक शाखेत एक पडताळणी कक्ष उघडला होता, प्रत्येक कक्षात एक माणूस होता, आणि ते सगळे कागद परत पाठवत होते. मुख्य ऑफिसने साहेबांना त्यासाठी काचेची ढाल दिली होती. ती त्यांच्या मागेच होती, दिव्याखाली.

"आता तुम्ही म्हणता, तिथे एसी होता," साहेब म्हणाले.

भाऊजींनी ढालीकडे पाहिलं.

"तुमची अडचण माझ्या लक्षात आली. तुमच्यावर ताण आहे. एकटा माणूस किती बघणार. तुम्हाला मदतनीस देतो. आणि तुम्ही प्रमुख."

भाऊजींनी सांगून पाहिलं की मदतनीस आणखी काय न करणार. पण साहेबांनी तोपर्यंत फोन उचलला होता, आणि थोड्याच दिवसांत बाणवाल्या बाई पुन्हा आल्या. पडताळणीत वेळ जातो, तो कसा कमी करायचा, हे चित्र काढायला.

भाऊजींनी त्यांनाही गाठलं. बाई शिडीवर उभ्या राहून तपकिरी कागद चिकटवत होत्या. भाऊजींनी खालून सगळं सांगितलं.

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या.

"कधीपासून?"

"दुसऱ्याच दिवसापासून. मी तुमच्या खोलीत कागद सोडून बसले होते, तुम्ही त्याच्याकडे बघितलंही नाहीत. मला वाटलं, तुमची नोकरी जाईल. आणि साहेबांना एक पडताळणी हवीच होती. नसती सापडली तर त्यांनी नवीन माणूस आणला असता, जास्त पगाराचा." त्यांनी चिकटपट्टी दाताने तोडली. "शिवाय अशी एखादी चौकट असली की मला पुन्हा बोलावतात."

"आणि स्टोअरचे काका?"

"ते स्वतःच म्हणाले, काही करत नाही. माणसं जे सांगतात ते मी काढते. खरं काय आहे ते काढायला लागले तर भिंत पुरायची नाही."

भाऊजी घरी आले आणि ताईला म्हणाले, नोकरी सोडतो. ताईने टाचण्या काढल्या आणि म्हणाली, "सोडून काय कराल? दुसरीकडे जाऊन तिथलं बघाल? त्यापेक्षा आहात तिथे कमीत कमी त्रास होईल असं बसा."

मला वाटतं, आयुष्यात त्यांना कोणी दिलेला हा सगळ्यात कामाचा सल्ला. त्यांनी तो पाळला. मागणीपत्र आलं की ते आधी गोदामावर काकांना फोन लावायचे. "काका, अमक्या इमारतीचा रोलर. कागद मागून येतोय." काका मेकॅनिकला फोन करून लिफ्ट कोणती ते विचारायचे, चुकीचं मागितलं असेल तर फोनवरून हाकलायचे, आणि गोदामातून पार्ट सोडायचे; तिथे हिरव्या बटणाची अट नव्हती. लिफ्ट चालू व्हायची. मग इकडे कागद सावकाश परत जायचा, सुधारून यायचा, बाईंच्या नव्या चित्रातल्या पूर्व-पडताळणीतून पडताळणीत जायचा, मदतनीस त्यावर शेरे मारायचे, आणि शेवटी हिरवं बटण दाबलं जायचं. तोवर त्या लिफ्टमधून लोक चार-सहा वेळा वरखाली करून झालेले असायचे. साहेबांचे आलेख चढत राहिले, लिफ्टही चढत राहिल्या, आणि दोघांचा एकमेकांशी संबंध उरला नाही. आमच्या कंपनीची ती सगळ्यात चांगली वर्षं होती.

भाऊजी निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी भाषण केलं, पडताळणीचे जनक असं म्हणाले. ताई माझ्या शेजारी बसली होती. ती रुमालाने तोंड झाकून घेत होती, आणि मागच्या रांगेतल्या लोकांना वाटलं, वहिनींना भरून आलं.

त्यांच्या जागी नवीन मॅडम आल्या. याच विषयातली पदवी घेतलेल्या, कष्टाळू, प्रामाणिक. अडचण तिथेच आहे. भाऊजींना त्या चौकटीत काही नाही हे माहीत होतं, म्हणून त्यांचा त्रास मर्यादेत होता. मॅडमचा त्या चौकटीवर विश्वास आहे. त्या खरोखर वाचतात. जेवायच्या सुट्टीतही वाचतात. पहिल्या पंधरवड्यात माझे इतके कागद परत आले की मी सरळ ताईच्या घरी गेलो. भाऊजी खिडकीपाशी नखं कापत बसले होते.

"जाताना त्यांना काही सांगितलं नाहीत का?" मी विचारलं.

"सगळं सांगितलं. एसीपासून."

"गोदामाच्या फोनचं?"

"तेही. म्हटलं, मॅडम, हेच खरं काम, बाकी सगळी शोभा."

"मग?"

"त्यांनी सगळं लिहून घेतलं. म्हणाल्या, हे फार महत्त्वाचं आहे, हे चित्रात कुठेच नाही." भाऊजींनी कागदावर जमलेली नखं गोळा केली. "आता त्या फोनची चौकट केलीये. तोंडी पूर्वसूचना. काकांना फोन करायच्या आधी मंजुरी घ्यावी लागते."

"कोणाची?"

"मॅडमचीच."

ताई आतून म्हणाली, "जेवून जा रे." मी म्हटलं, नको, एका इमारतीत दार अडकलंय. आणि खाली येऊन बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानातून माझ्या खिशातून रोलर विकत घेतला.